ग्रेस हॉपर

ग्रेस ब्रूस्टर मरे हॉपर (जन्म : न्यू यॉर्क, ९ डिसेंबर १९०६, मृत्यू : आर्लिंग्टन, व्हर्जिनिया, १ जानेवारी १९९२) या अमेरिकन गणितज्ञ, संगणकतज्ज्ञ आणि अमेरिकेच्या नौदलातील अधिकारी होत्या. संगणकाची आज्ञावली एकाच यंत्राशी जखडलेली नसावी, यंत्र बदलले तरी तीच आज्ञावली किरकोळ फेरफाराने चालावी, या विचाराचा पाठपुरावा त्यांनी अनेक दशके केला. ए-० ही कंपायलर प्रणाली, फ्लो-मॅटिक ही व्यावसायिक कामकाजाची भाषा आणि कोबोल भाषेच्या प्रमाणीकरणासाठी नौदलात केलेले काम ही त्या पाठपुराव्याची मुख्य फळे होत. कंपायलर म्हणजे माणसाला सोयीच्या रूपात लिहिलेल्या आज्ञांचे संगणकाच्या यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली. हॉपर यांना अनेकदा कोबोलची जननी म्हटले जाते. हे वर्णन कितपत योग्य आहे याविषयी मतभेद आहेत.

बालपण आणि शिक्षण

ग्रेस यांचे वडील वॉल्टर फ्लेचर मरे विमा व्यवसायात होते. आई मेरी व्हॅन हॉर्न यांना गणिताची आवड होती. आईकडून पणजोबा लागणारे अलेक्झांडर रसेल हे नौदलात रिअर ॲडमिरल होते. तीन भावंडांत ग्रेस थोरल्या. सात वर्षांच्या असताना गजराचे घड्याळ आतून कसे चालते हे पाहण्यासाठी त्यांनी घरातील सात घड्याळे एकापाठोपाठ एक उघडली; त्यानंतर आईने त्यांना एकाच घड्याळावर प्रयोग करण्याची मुभा दिली.

लॅटिन विषयात गुण कमी पडल्यामुळे व्हॅसार महाविद्यालयातील त्यांचा प्रवेश एक वर्ष लांबला. १९२८ मध्ये गणित व भौतिकशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या. येल विद्यापीठातून १९३० मध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवी आणि १९३४ मध्ये नॉर्वेजियन गणितज्ञ ऑयस्टीन ओर यांच्या मार्गदर्शनाखाली गणितातील डॉक्टरेट मिळवली. १९३० मध्ये त्यांचा विवाह न्यू यॉर्क विद्यापीठातील अध्यापक व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी झाला. १९४५ मध्ये हे दांपत्य विभक्त झाले, मात्र हॉपर हे आडनाव त्यांनी अखेरपर्यंत ठेवले. १९३१ पासून त्या व्हॅसारमध्ये गणित शिकवत होत्या.

नौदल आणि मार्क १

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर हॉपर यांनी नौदलात जाण्याचे ठरवले. त्यांचे वय भरतीच्या दृष्टीने अधिक होते, वजन किमान मर्यादेपेक्षा १५ पौंडांनी कमी होते आणि गणिताच्या प्राध्यापकांची गरज शिक्षणसंस्थांतच आहे असे सरकारचे धोरण होते. वजनाच्या अटीतून सूट मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलातील महिला विभागात दाखल झाल्या. प्रशिक्षणात त्यांचा पहिला क्रमांक आला आणि १९४४ च्या उन्हाळ्यात हार्वर्ड विद्यापीठातील हॉवर्ड एकेन यांच्या गणनकेंद्रात त्यांची नेमणूक झाली.

तेथे त्यांच्यासमोर आलेले यंत्र म्हणजे मार्क १. ५१ फूट लांब आणि ८ फूट उंच अशा या विद्युत-यांत्रिक संगणकाला छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून आज्ञा दिल्या जात आणि तो सेकंदाला सुमारे तीन बेरजा करी. रिचर्ड ब्लॉक आणि रॉबर्ट कॅम्पबेल यांच्यासह हॉपर या यंत्राच्या पहिल्या आज्ञावलीकारांपैकी एक ठरल्या. नौदलाच्या तोफांची कोष्टके, तसेच अणुबाँब प्रकल्पासाठी जॉन फॉन नॉयमन यांनी आणलेले गणित या यंत्रावर सोडवले गेले. यंत्राच्या वापराची ५६१ पानांची मार्गदर्शिका सिद्ध करण्याची जबाबदारी एकेन यांनी हॉपर यांच्यावर सोपवली. ती १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली.

हॉपर यांच्या पुढील कामाचे बीज या काळातील एका साध्या सवयीत आहे. साइन, घातांक यांसारख्या वारंवार लागणाऱ्या गणितांच्या तपासून पाहिलेल्या आज्ञा हे आज्ञावलीकार आपापल्या वह्यांत टिपून ठेवत आणि गरज पडल्यास एकमेकांच्या वह्यांतून उतरवून घेत. उतरवताना अंक चुकत. पूर्वी अचूक चाललेला तुकडा नव्या ठिकाणी बसवला की नवी चूक निर्माण होई आणि ती शोधण्यात दिवस जात. दुसरी अडचण अधिक मूलभूत होती. मार्क १ नंतर मार्क २ आणि मार्क ३ आले. प्रत्येकाची रचना आणि आज्ञांची पद्धत निराळी. एका यंत्रासाठी मेहनतीने लिहिलेली वही दुसऱ्या यंत्रासमोर निरुपयोगी ठरे.

मार्क २ च्या एका रिलेमध्ये सापडलेला पतंग हा किडा ९ सप्टेंबर १९४७ रोजी नोंदवहीत चिकटवण्यात आला. या प्रसंगामुळे आज्ञावलीतील दोषाला बग म्हणण्याची प्रथा पडली आणि तो किडा हॉपर यांनीच शोधला, अशी समजूत प्रचलित आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. यंत्रातील दोषासाठी हा शब्द टॉमस एडिसन यांच्या काळापासून वापरात होता, आणि किडा हॉपर यांच्या सहकाऱ्यांना सापडला होता. हॉपर यांनी ही हकिकत पुढे अनेक वर्षे रंगवून सांगितली, एवढाच त्यांचा वाटा. ती नोंदवही आता वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

युद्धानंतर नौदलाच्या नियमित सेवेत येण्याचा हॉपर यांचा अर्ज वयाच्या कारणावरून फेटाळला गेला. व्हॅसारने देऊ केलेले प्राध्यापकपद नाकारून त्या राखीव दलात आणि हार्वर्डमध्ये संशोधक म्हणून राहिल्या. १९४९ मध्ये हार्वर्डमधील मुदतही संपली. या वर्षांत त्यांना मद्याचे व्यसन आणि तीव्र नैराश्य यांना तोंड द्यावे लागले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे.

कंपायलरचा जन्म

१९४९ मध्ये हॉपर फिलाडेल्फियातील एकर्ट-मॉक्ली कॉम्प्युटर कॉर्पोरेशन या कंपनीत ज्येष्ठ गणितज्ञ म्हणून रुजू झाल्या. युनिव्हॅक १ हा व्यापारी संगणक तेथे तयार होत होता. पुढच्याच वर्षी ही कंपनी रेमिंग्टन रँडने विकत घेतली. त्या सुमारास कंपनीच्या बायनॅक या यंत्रावर काम करताना हॉपर अष्टमान पद्धतीत इतक्या रुळल्या, की घरच्या बँकखात्याचा हिशेबही त्या नकळत आठाच्या पटीत मांडू लागल्या. ही गफलत त्यांच्या बँकेत काम करणाऱ्या भावाने शोधली.

युनिव्हॅकमध्ये आज्ञावली यंत्राच्या स्मृतीतच साठवली जाई. त्यामुळे वहीतल्या तुकड्यांचा प्रश्न नव्या रूपात पुढे आला. प्रत्येक तुकड्यातील आज्ञा स्मृतीतील विशिष्ट स्थानांचा निर्देश करतात. तुकडा दुसऱ्या जागी बसवायचा, तर हे सर्व निर्देश बेरीज करून बदलावे लागतात. माणसाने नक्कल करताना आणि बेरीज करताना चुका करायच्या आणि शेजारी उभ्या असलेल्या, याच दोन गोष्टी बिनचूक करणाऱ्या यंत्राने त्या चुका निमूटपणे राबवायच्या, हा प्रकार हॉपर यांना विसंगत वाटला. कंपनीतील सहकारी बेटी होल्बर्टन यांनी १९५१ च्या सुमारास माहितीचे वर्गीकरण करणारी आज्ञावली स्वतः लिहून देणारी एक आज्ञावली तयार केली होती. आज्ञावली दुसरी आज्ञावली लिहू शकते, हे या कामातून उमगल्याचे श्रेय हॉपर यांनी होल्बर्टन यांना दिले आहे.

१९५१-५२ मध्ये हॉपर यांनी ए-० ही प्रणाली तयार केली. तपासलेल्या उपआज्ञावल्या चुंबकीय फितीवर ठेवून प्रत्येकीला संकेतांक देण्यात आला. वापरणाऱ्याने केवळ संकेतांकांची यादी द्यायची. उपआज्ञावली फितीवरून शोधून काढणे, तिला जागा नेमून देणे, निर्देश बदलणे आणि सर्व तुकडे जोडून सलग आज्ञावली सिद्ध करणे हे काम यंत्र करी. आजच्या परिभाषेत ए-० हा पूर्ण अर्थाने कंपायलर नसून तुकडे जोडणाऱ्या लिंकरला अधिक जवळचा आहे. तरीही कंपायलर हा शब्द संगणकक्षेत्रात रूढ झाला तो हॉपर यांच्या या कामामुळे. मे १९५२ मध्ये पिट्सबर्ग येथील परिषदेत त्यांनी ही कल्पना मांडली. संगणक अंकगणित करतो, आज्ञावली लिहू शकत नाही, अशी तेव्हाची धारणा होती आणि ती मोडण्यास बराच काळ लागला.

याच मालिकेतील ए-२ ही आवृत्ती १९५३ मध्ये पूर्ण झाली. कंपनीने ती युनिव्हॅक वापरणाऱ्या संस्थांकडे मूळ संहितेसह पाठवली आणि सुधारणा सुचवण्याचे आवाहन केले. ग्राहकांकडून आलेल्या दुरुस्त्यांचा उपयोग पुढील कामात करता येणार होता. आज्ञावली प्रसिद्ध करायची, तिची संहिता उघडी ठेवायची आणि वापरणाऱ्यांच्या मदतीने तिची देखभाल करायची, या पद्धतीचे हे अगदी आरंभीचे उदाहरण मानले जाते. पर्लसारख्या भाषांच्या सार्वजनिक संग्रहांतून मोड्यूल प्रसिद्ध करण्याची जी रीत पुढे रुळली, तिच्याशी तिचे साम्य उघड आहे. फरक एवढाच, की ए-२ चे सर्व वापरकर्ते एकाच जातीच्या यंत्रावर होते. यंत्र बदलले तर काय, या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते.

फ्लो-मॅटिक

हॉपर यांच्या मते संगणकाचे भावी वापरकर्ते गणितज्ञ नव्हे, तर वेतन, साठा आणि विमा यांचे हिशेब ठेवणारे लोक होते, आणि त्यांना बीजगणिती चिन्हांपेक्षा इंग्रजी शब्द जवळचे होते. जानेवारी १९५५ मध्ये त्यांच्या गटाने वरिष्ठांसमोर एक लहानसे प्रात्यक्षिक ठेवले. इंग्रजी वाक्यांत लिहिलेली आज्ञावली यंत्राने स्वीकारली. त्यानंतर गटाने तीच आज्ञावली फ्रेंच आणि जर्मन शब्दांत लिहून चालवली. यंत्राला कोणताही शब्द हा केवळ चिन्हांचा संच असतो आणि तो बदलणे सोपे असते, हे दाखवण्याचा त्यामागे हेतू होता. परिणाम उलटा झाला. फिलाडेल्फियात बनलेल्या अमेरिकन संगणकाला परकी भाषा कळते, या कल्पनेनेच वरिष्ठ बिथरले आणि हॉपर यांना आपले काम इंग्रजीपुरतेच राहील असे आश्वासन द्यावे लागले.

त्यातून साकारलेल्या फ्लो-मॅटिक या भाषेचे एक वैशिष्ट्य इंग्रजी शब्दांइतकेच महत्त्वाचे ठरले. माहितीचे वर्णन आणि त्या माहितीवर करायच्या क्रिया यांची फारकत या भाषेने केली. नोंदीची मांडणी बदलली तरी क्रियांची वाक्ये जशीच्या तशी ठेवता येत. मात्र फ्लो-मॅटिकही युनिव्हॅकपुरतीच होती.

कोबोल

१९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे निरनिराळ्या उत्पादकांचे शेकडो संगणक जमा झाले होते. नवे यंत्र घ्यायचे म्हणजे जुन्या सर्व आज्ञावल्या पुन्हा लिहायच्या, हा खर्च यंत्राच्या किमतीशी स्पर्धा करू लागला. बरोज कंपनीच्या मेरी हॉज यांच्या पुढाकाराने ८ एप्रिल १९५९ रोजी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एक छोटी बैठक झाली. हॉपर तीत सहभागी होत्या. संरक्षण खात्याने यजमानपद स्वीकारावे असे ठरले आणि २८ व २९ मे रोजी पेंटॅगॉनमध्ये चार्ल्स फिलिप्स यांच्या अध्यक्षतेखाली उत्पादक, सरकारी विभाग व वापरकर्ते एकत्र आले. कोडासिल ही संघटना त्यातून उभी राहिली.

काम वेगाने व्हावे, पण समितीच्या पद्धतीने ते रेंगाळत गेले. वैतागलेल्या हॉवर्ड ब्रॉमबर्ग यांनी कोबोल हे नाव कोरलेला थडग्याचा दगड खरेदी करून फिलिप्स यांना पाठवला, अशी नोंद आहे. तरीही जानेवारी १९६० मध्ये भाषेच्या आराखड्याला मान्यता मिळाली.

कोबोलमधील आज्ञावली चार विभागांत लिहिली जाते : ओळख, परिसर, माहिती आणि कार्यपद्धती. यांतील परिसर विभाग भाषेच्या उद्दिष्टाचा गाभा होता. कोणते यंत्र, कोणती फीत, कोणते छपाईयंत्र हा यंत्रनिष्ठ तपशील एवढ्या एकाच जागी कोंडायचा आणि उर्वरित आज्ञावली यंत्रापासून मुक्त ठेवायची, ही त्यामागील योजना. ६ आणि ७ डिसेंबर १९६० रोजी तिची परीक्षा झाली. एकच आज्ञावली किरकोळ बदलांसह आरसीए आणि रेमिंग्टन रँड या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आली. त्याच सुमारास संरक्षण खात्याने कोबोल न चालणारे संगणक सहसा खरेदी न करण्याचे धोरण स्वीकारले. या धोरणामुळे उत्पादकांना कंपायलर तयार करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. भाषेच्या गुणांपेक्षा खरेदीदाराच्या या दट्ट्याने कोबोलचा प्रसार अधिक झाला, असे म्हणण्यास जागा आहे.

श्रेयाचा वाद

कोबोलचा आराखडा प्रत्यक्ष लिहिणाऱ्या अल्पमुदती समितीत हॉपर नव्हत्या. त्या आणि रॉबर्ट बेमर हे कार्यकारी समितीचे तांत्रिक सल्लागार होते. अंतिम मसुदा सहा जणांच्या गटाने सिद्ध केला : आयबीएमचे विल्यम सेल्डन व गर्ट्रूड टियर्नी, आरसीएचे हॉवर्ड ब्रॉमबर्ग व नॉर्मन डिस्काउंट, आणि सिल्व्हेनियाचे व्हर्नन रीव्ह्ज व जीन सॅमेट. हॉपर यांना कोबोलची जननी म्हणणे चूक आहे, असे सॅमेट यांनी पुढे अनेकदा स्पष्टपणे मांडले आणि कागदपत्रे त्यांना दुजोरा देतात. दुसऱ्या बाजूने, कोबोलच्या वाक्यरचनेवर आणि माहिती-क्रिया फारकतीवर फ्लो-मॅटिकचा ठसा इतका स्पष्ट आहे, की तो वगळून या भाषेचा इतिहास लिहिता येत नाही. तेव्हा जननीपेक्षा आजी हे नाते अधिक जुळते. हॉपर यांचा वाटा मोजताना १९६० पूर्वीच्या कामाबरोबरच १९६७ नंतरच्या कामाकडेही पाहावे लागते आणि त्याची चर्चा तुलनेने कमी होते.

बोलींचा प्रश्न आणि नौदलातील चाचण्या

मूळ आराखड्यात काही सुविधा अनिवार्य, तर काही ऐच्छिक होत्या. प्रत्येक उत्पादकाने आपल्या सोयीने ऐच्छिक सुविधा निवडल्या आणि वर स्वतःच्या भर घातल्या. परिणामी कोबोल नावाच्या अनेक बोली तयार झाल्या. याशिवाय यंत्रांतील काही भेद भाषेच्या आड लपत नसत. उदाहरणार्थ, काही संगणकांच्या संकेतप्रणालीत अंक अक्षरांच्या आधी येतात, तर काहींच्या प्रणालीत नंतर. अक्षरे व अंक मिसळलेल्या क्रमांकांची यादी एका यंत्रावर ज्या क्रमाने लागे, त्या क्रमाने ती दुसऱ्यावर लागत नसे आणि त्या क्रमावर विसंबलेली आज्ञावली कोणतीही तक्रार न करता चुकीचे उत्तर देई.

१९६६ अखेर हॉपर वयोमर्यादेमुळे राखीव दलातून कमांडर पदावर निवृत्त झाल्या. ही निवृत्ती जेमतेम सात महिने टिकली. नौदलाच्या निरनिराळ्या ठाण्यांवरील कोबोल एकमेकांशी जुळेनाशी झाली होती. ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावण्यात आले. ही मुदत पुढे अनिश्चित काळासाठी वाढवली गेली. १९७७ पर्यंत त्या नौदलाच्या आज्ञावली-भाषा गटाच्या संचालक होत्या. १९७३ मध्ये त्यांना कॅप्टन हे पद मिळाले.

कोबोलचे राष्ट्रीय मानक १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु कंपायलर त्या मानकाप्रमाणे वागतो की नाही, हे विक्रेत्याच्या शब्दावरच ठरत होते. हॉपर यांच्या गटाने कोबोलमध्येच लिहिलेल्या चाचणी-आज्ञावल्यांचा संच तयार केला. त्यातील प्रत्येक आज्ञावली मानकातील एकेक सुविधा वापरून पाही, आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाही आणि उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा निकाल छापी. भाषा येते असा दावा करणाऱ्या कंपायलरची ही परीक्षाच होती. तिच्यात उघड झालेल्या उणिवा उत्पादकाला दूर कराव्या लागत, कारण प्रश्न सरकारी खरेदीचा होता. १९७० च्या दशकात अशी चाचणी केंद्र सरकारच्या संगणक-खरेदीचा भाग बनली आणि पुढे तिची जबाबदारी राष्ट्रीय मानक संस्थेकडे गेली. या परंपरेतील १९८५ च्या मानकाचा चाचणीसंच ग्नूकोबोल हा मुक्त कंपायलर तपासण्यासाठी आजही वापरला जातो.

मानक लिहिणे हे वाटाघाटीचे काम असते. ते पाळले जाते की नाही हे वर्षानुवर्षे तपासणे कंटाळवाणे आणि अप्रिय असते. कोबोल वेगवेगळ्या यंत्रांवर टिकली यात या दुसऱ्या कामाचा वाटा मोठा आहे. कोबोलवर टीकाही भरपूर झाली. तिची पाल्हाळिक वाक्ये आणि रचनेतील शैथिल्य संगणकशास्त्रज्ञांना खटकले. एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये तिच्यावर कठोर टीका केली. वर्ष दोनच अंकांत साठवणाऱ्या जुन्या आज्ञावल्यांमुळे २००० साल उजाडताना जी धावपळ झाली, तिच्यातही कोबोलमधील आज्ञावल्यांची संख्या मोठी होती. त्या इतकी वर्षे, इतकी यंत्रे ओलांडून चालत राहतील अशी अपेक्षा लिहिणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी केली असावी.

व्याख्याने आणि उत्तरायुष्य

हॉपर प्रभावी वक्त्या होत्या. व्याख्यानांत त्या श्रोत्यांना सुमारे ३० सेंटीमीटर लांबीचे तारेचे तुकडे वाटत. वीज वा प्रकाश एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त तेवढेच अंतर कापू शकतो. शेजारी मायक्रोसेकंद दाखवणारे सुमारे ३०० मीटर तारेचे वेटोळे असे. आज्ञावलीकाराने वाया घालवलेला काळ किती लांब असतो हे त्यातून डोळ्यांना दिसे. नेहमीची पद्धत हीच योग्य असे मानणाऱ्यांसाठी त्यांच्या कार्यालयात उलट्या दिशेने फिरणारे घड्याळ टांगलेले होते.

१९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रॉनल्ड रेगन यांच्या विशेष नियुक्तीने त्यांना कमोडोर हे पद मिळाले. १९८५ मध्ये त्या पदाचे नाव रिअर ॲडमिरल असे झाले. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बॉस्टन येथे युएसएस कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक जहाजावर त्यांचा निरोपसमारंभ झाला. तेव्हा ७९ वर्षांच्या हॉपर या नौदलातील सेवारत अधिकाऱ्यांत वयाने सर्वांत ज्येष्ठ होत्या. त्यानंतर त्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या सल्लागार झाल्या आणि अखेरपर्यंत त्या कामात राहिल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने त्यांचा दफनविधी झाला.

सन्मान

१९६९ मध्ये माहितीप्रक्रिया व्यवस्थापकांच्या अमेरिकन संघटनेने संगणकक्षेत्रातील वर्षातील मानकरी हा सन्मान त्यांना दिला. त्या पुरस्काराच्या नावात मात्र पुरुष हाच शब्द होता. १९७३ मध्ये ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीने त्यांना विशेष अधिछात्रत्व दिले. १९९१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक आणि २०१६ मध्ये मरणोत्तर राष्ट्राध्यक्षीय स्वातंत्र्य पदक त्यांना प्रदान करण्यात आले. तरुण संगणकतज्ज्ञांना दिला जाणारा एसीएम या संघटनेचा पुरस्कार १९७१ पासून त्यांच्या नावाने दिला जातो. १९९७ मध्ये नौदलाच्या ताफ्यात दाखल झालेल्या एका विनाशिकेला युएसएस हॉपर असे नाव देण्यात आले. २०१७ मध्ये येल विद्यापीठाने गुलामगिरीचे समर्थक जॉन कॅल्हून यांच्या नावाचे निवासी महाविद्यालय ग्रेस हॉपर महाविद्यालय म्हणून पुन्हा नामांकित केले.